मदत हवी आहे: नॉयश्टाट ते एडेनकोबेन, द्राक्षमळ्यांतला ट्रेक

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात, मंगळवारी, सहाजणांनी जर्मनीतल्या फेल्झर वाइनश्टाइग या लांब पायवाटेचा एक तुकडा करायचा बेत आहे. नॉयश्टाट स्टेशन, हाम्बाखचा किल्ला, काल्मिट डोंगर, सांक्ट मार्टिन गाव आणि शेवटी एडेनकोबेन स्टेशन. दोन्ही टोकांना लोकल गाड्या थांबतात, त्यामुळे डॉइचलांड-तिकीट (लोकल गाड्यांचा देशभर चालणारा मासिक पास) पुरेल. दोघेजण साठीपुढचे आहेत.

अडचण काल्मिटची. शिखर 673 मीटर, स्टेशन साधारण 140 मीटरवर, म्हणजे पाचशे मीटरहून जास्त चढ. शिवाय त्या दिवसांत चेस्टनटची ओली पानं वाळूच्या दगडावर साबणासारखी घसरतात, उतरताना जास्तच. गुडघे सांभाळायचे तर हाम्बाखनंतर जंगलाऐवजी खालून, माइकामर गावच्या मळ्यांतून जाणं बरं का? पण तोडणीचा हंगाम; द्राक्षं पिकल्यावर मळ्यांतल्या काही वाटा बंद करतात. त्या सुमारास कोणी गेलंय? कुठे अडवलं?

दुसरं, डोंगरातल्या पायवाट-संघांच्या खाण्यापिण्याच्या झोपड्या बऱ्याचदा शनिवार-रविवारीच उघड्या असतात, काही बुधवारीही. मंगळवारी वाटेत खायला काय मिळेल? तिघे शाकाहारी आहेत. फ्लामकुखनवर (पातळ पिझ्झासारखा प्रकार) बहुधा डुकराचं मांस असतं, बटाट्याच्या सूपमध्येही सॉसेज निघतं. ‘वायसर केज’ (चक्क्यासारखं मऊ चीज) आणि पाव सोडून काही?

आणि हो, नवी वाइन घरी आणायची आहे. ती अजून आंबत असते, झाकण मुद्दाम सैल ठेवतात. बाटली सॅकमध्ये आडवी ठेवली की कपडे गेलेच. तुम्ही कशी आणता?