जुन्या कमिटमधले बंद पडलेले ईमेल, काय करायचं यांचं?

घोडबंदरवाला
नमस्कार मंडळी, जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या. ठाण्यात कॉलेजला असताना आम्ही 7 जणांनी एक मराठी शब्दयादी करायला घेतली होती, शुद्धलेखन तपासायला वापरता येईल अशी, ती अजून चालू आहे, गिटवरच आहे (फाइलीत कोणी कधी काय बदललं ते साठवून ठेवणारं सॉफ्टवेअर). तेव्हा सगळ्यांनी कॉलेजच्या मेलवरून कमिट मारले (कमिट म्हणजे बदलाची नोंद, तिच्यात करणाऱ्याचं नाव आणि ईमेल जातो), पास झालो आणि ते आयडी बंद झाले. मग दोघं ऐरोलीला नोकरीला लागले, त्यांचे काही कमिट ऑफिसच्या मेलवरून, ती नोकरीपण सुटली. एकीचं लग्न झालं, तिचं आडनाव बदललं. आणि एक पठ्ठ्या तर 3 लॅपटॉपवरून 3 वेगवेगळ्या स्पेलिंगने कमिट करायचा. परवा शॉर्टलॉग (कोणाचे किती कमिट त्याची यादी) काढला तर 7 माणसांचे 19 जण झालेत! रिलीजच्या वेळी माझी एक स्क्रिप्ट गिट लॉगमधून, म्हणजे सगळ्या कमिटच्या यादीतून, पत्ते उचलून सगळ्यांना मेल टाकते, त्यातले अर्धे बाउन्स. जुने कमिट उघडून त्यातले ईमेल बदलता येतात का? की तसंच चालू द्यायचं?

ऐरोली_फास्ट
कमिट नको उघडूस. रेपोच्या (गिटमधल्या तुमच्या प्रोजेक्टच्या) सगळ्यात वरच्या फोल्डरमध्ये .मेलमॅप (.mailmap) नावाची साधी टेक्स्ट फाइल टाक, मग कमिट तसेच राहतात, फक्त दाखवताना जुन्या पत्त्याच्या जागी चालू पत्ता दिसतो. त्यात माणसाच्या दर जुन्या पत्त्याला एक ओळ, अशी:

बरोबर नाव <चालू ईमेल> <जुना ईमेल>

चालू आधी, जुना शेवटी. मी पहिल्यांदा उलटं लिहिलं होतं आणि सगळी जिवंत माणसं बंद पत्त्यांवर नेऊन बसवली, अर्धा दिवस कळेना काय झोल आहे ते. शॉर्टलॉग आणि ब्लेम (कुठली ओळ कोणी लिहिली ते सांगणारी कमांड) ही फाइल आपोआप बघतात, गिट लॉगला पूर्वी वेगळं सांगावं लागायचं पण 2.23 पासून (2019 चं व्हर्जन) तोही बायडिफॉल्ट बघतो. तुझ्या स्क्रिप्टमध्ये बहुतेक टक्का-ए-ई (%ae) असं फॉरमॅट असेल, त्यातला ई कॅपिटल कर (%aE), छोटा ई म्हणजे कमिटमध्ये जे लिहिलंय ते जसंच्या तसं, कॅपिटल ई म्हणजे मेलमॅपमधून गेलेलं. लोकांचं बरोबर इथेच गंडतं, फाइल लिहितात आणि मग म्हणतात काही फरकच पडला नाही.

अजून एक, कॉलेजच्या लॅबमधल्या पीसीवरून दोघांनी एकाच मेलवरून कमिट मारले असतील ना (आमच्याकडे होते!) तर जुन्या ईमेलच्या आधी जुनं नावपण लिहायचं, मग नाव आणि ईमेल दोन्ही जुळलं तरच ती ओळ लागू होते. एखादा पत्ता कुठे जातोय ते बघायचं असेल तर गिट चेक-मेलमॅप ही कमांड आहे, त्याला पत्ता दिला की लगेच सांगतो.

वाशी_सेक्टर_17
एवढं कशाला, फिल्टर-रेपो नावाचं टूल वापर ना, त्याला हीच मेलमॅप फाइल देता येते आणि तो सगळ्या कमिटमध्ये खरोखरचे पत्ते बदलून देतो, एकदाच काय ती साफसफाई, विषय संपला.

कोपरी_काका
वाशीवाले, संपत नाही हो विषय, तिथूनच सुरू होतो. कमिटचा हॅश (त्याचा ओळख क्रमांक) ज्यावरून बनतो त्यात ऑथरचा ईमेलही असतो आणि आधीच्या कमिटचा हॅशही, म्हणजे पहिल्या वर्षातला एक पत्ता बदलला की त्याच्या पुढचे सगळे हॅश बदलले. डिजिटल सह्या केलेले कमिट असतील तर त्या सह्या गेल्या. बगच्या चर्चेत कोणी जुना हॅश लिहून ठेवला असेल तर तोही नव्या इतिहासात सापडायचा नाही. सगळ्यांनी नव्याने क्लोन करायचं, म्हणजे पूर्ण प्रत पुन्हा उतरवायची, आणि एखाद्याने न करता जुन्या ब्रँचवरून पुश मारला (आपल्याकडचे कमिट वर पाठवले) की तोच इतिहास पुन्हा परत, आता दोन प्रती! आम्ही हे एका शनिवारी केलं होतं, पुढचे दोन आठवडे फोनवर फोन. पत्ता चुकून उघड झालाय आणि काढायलाच हवा, असं काही असेल तर गोष्ट वेगळी. नुसता जुना झालाय म्हणून नको. त्या दिवशी त्या पोराचा तोच पत्ता होता, नोंद बरोबरच आहे की.

एक मात्र लक्षात ठेव घोडबंदर, गिटहब (गिट रेपो ठेवायची साइट) कमिट कोणाच्या अकाउंटला जोडायचा ते ठरवताना कमिटमधलाच ईमेल बघतं, त्यामुळे मेलमॅप लावूनही तिथे कोणाचा फोटो दिसला नाही तर घाबरू नकोस. ज्याला जुना पत्ता अजून उघडता येतो त्याने तो आपल्या अकाउंटला जोडून व्हेरिफाय करावा. कॉलेजचा मेलबॉक्सच गेला असेल तर व्हेरिफाय कसा करणार, ते सोडून द्या.

सीवूड्स_ताई
फाइल लिहायच्या आधी सगळ्यांना विचारलंस का? मेलमॅप पब्लिक रेपोत जाते म्हणजे लोकांचे आत्ताचे पर्सनल पत्ते तू स्वतःच्या हाताने जगासमोर ठेवतोयस. ज्यांना नको असेल त्यांचा गिटहबचा नो-रिप्लाय पत्ता (खरा ईमेल लपवायला गिटहब देतं तो) टाक. पण मग त्या स्क्रिप्टचं काय, नो-रिप्लायला मेल जाणारच नाही! गिट लॉग ही काय पत्त्यांची डायरी नाही रे. कोणी कधीतरी एका शब्दाची वेलांटी दुरुस्त केली, त्याला दर रिलीजला मेल कशाला? मेल हवा असेल त्यांची वेगळी यादी कर, रेपोच्या बाहेर.

आणि कोणाचा स्वतःचा डोमेन होता का बघ. डोमेनची मुदत संपली की तो कोणीही विकत घेतो आणि त्या पत्त्यावरचे पासवर्ड रिसेटचे मेल मग त्याला जातात. मे 2022 मध्ये पायथनच्या पायपीआयवर (पॅकेजेस ठेवायची साइट) सीटीएक्स नावाचं पॅकेज असंच हायजॅक झालं होतं. तुमची शब्दयादी पॅकेज म्हणून कुठे चढवली असेल तर ते अकाउंट कोणाच्या मेलवर आहे ते आज बघ, मेलमॅप उद्या केलीस तरी चालेल.

घोडबंदरवाला
ताई, बरं झालं बोललात. पॅकेजचं अकाउंट माझ्याच कॉलेजच्या मेलवर निघालं 🤦 लॉगिन चालू होतं म्हणून वाचलो, काल रात्री बदललं.

मेलमॅप टाकली, 19 चे 8 झाले. आठवा म्हणजे लॅबचा पीसी, तिथे नावाच्या जागी नुसतं स्टुडंट लिहिलंय, ते कोण होतं कोणालाच आठवत नाहीये. लग्नवालीचं मी परस्पर नवीन आडनाव टाकलं होतं, तुमचं वाचून तिला फोन केला तर म्हणते, अरे कामाच्या ठिकाणी मी माहेरचंच नाव लावते, तुला कोणी सांगितलं उद्योग करायला. काढलं मुकाट्याने. स्क्रिप्टमधून गिट लॉग काढून टाकला, आता एक साधी यादी आहे, सध्या 4 नावं.

ते पुन्हा ऑफिसच्या मेलवरून कमिट होऊ नये म्हणून काही आहे का?

ऐरोली_फास्ट
आहे की. गिट कॉन्फिगमध्ये (गिटच्या सेटिंगच्या फाइलीत) इन्क्लूड-इफ (includeIf) लाव, ऑफिसच्या फोल्डरला एक ईमेल, घरच्या फोल्डरला दुसरा. ग्लोबलमध्ये (सगळ्या फोल्डरना लागू होणाऱ्या सेटिंगमध्ये) ईमेल ठेवूच नकोस आणि यूजर-डॉट-यूज-कॉन्फिग-ओन्ली (user.useConfigOnly) ट्रू कर, मग पत्ता ठरवलेला नसेल तिथे गिट अंदाजाने काहीतरी चिकटवण्याऐवजी कमिटच अडवतो. त्या 3 लॅपटॉपवाल्याला हे आधी करायला लाव.