मदत हवी आहे : एएलएससाठी स्टेम सेल उपचार कसा पारखावा?

एएलएस म्हणजे स्नायू चालवणाऱ्या चेतापेशी हळूहळू मरत जाण्याचा आजार. तो असलेल्या ठाण्यातल्या एका रुग्णाला स्टेम सेलचं (मूळ पेशींचं) इंजेक्शन विकत घ्यायला सुचवलंय. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७च्या मार्गदर्शक सूचनांनुसार एएलएससाठी हे फक्त मान्यताप्राप्त चाचणीतच देता येतं. सीटीआरआय, म्हणजे देशातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या नोंदवहीतला, नोंदणी क्रमांक मागितला, तर उपचाराच्या आधी-नंतरचे व्हिडिओ आले. त्यांवरून काही ठरत नाही. आजाराचा वेग प्रत्येकात वेगळा, काहींत तर महिनोन्‌महिने आपसूक थबकतो. छोट्या चाचणीवरही विसंबता येत नाही: एएलएसवरचं एएमएक्स००३५ हे औषध छोट्या चाचणीत आशादायक वाटलं, ६६४ जणांच्या चाचणीत निष्प्रभ ठरलं.

रुग्णाला एएलएसवरचं रिलुझोल हे औषध ५० मिग्रॅ दिवसातून दोनदा चालू आहे, ते थांबवायचं नाही. एएलएसएफआरएस-आर, म्हणजे रोजच्या हालचाली किती जमतात याची ४८ गुणांची नोंद, दर महिन्याला ठेवतोय. ठाणे-वाशीत बसून आणि आडवं झोपवून, दोन्ही प्रकारे स्पायरोमेट्री (फुफ्फुसांच्या क्षमतेची फुंकून तपासणी) कुठे होते? श्वासपटलाचा (छाती-पोटामधल्या श्वासाच्या स्नायूचा) अशक्तपणा आडवं झाल्यावरच आधी दिसतो. तसंच उपचार देणाऱ्यांनी एथिक्स कमिटीचं (चाचणीला परवानगी देणाऱ्या नैतिकता समितीचं) मंजुरीपत्र दाखवलं, तर ते खरं आहे का, हे कुणाकडून तपासावं?