घरी शिकणारी मुलं आणि गणितातले सवंगडी : तुमचे अनुभव लिहा

अबोली :
काल कर्वे रस्त्याला सिग्नलवर पुढे स्कूटर उभी होती, नंबर २००५. तोंडातून मोठ्यांदा निघालं, "सातवाली!" रिक्षावाल्या काकांनी वळून बघितलं.

लेकाला तिसरीत शाळेतून काढून घरी शिकवायला लागलो. बाकी सगळं छान चाललं, पण गणितात तो माझ्या पुढे पळायला लागला. मी आपली प्रत्येक वेळी "वा, छान" म्हणायचे. एक दिवस म्हणाला, "आई, तू कधी माझ्याशी भांडतच नाहीस." त्या रात्री झोप लागली नाही मला.

दोन वर्षं शोधलं. मग सुट्टीतल्या एका शिबिरात नाशिकरोडची एक मुलगी भेटली. तिच्या आजोबांनी तिला देवळालीच्या कापरेकर मास्तरांचा ६१७४ शिकवला होता. चार आकडे घ्यायचे (चारही सारखे नकोत), उतरत्या क्रमाने मांडायचे, त्यातून चढत्या क्रमाने मांडलेले वजा करायचे, आलेल्या उत्तराचं परत तेच. जास्तीत जास्त सात वेळा, ६१७४ येतोच. दोघांनी गाड्यांचे नंबर धरले. सात वेळा करावं लागलं की ती गाडी 'सातवाली'. रोज रात्री फोन. "मला सातवाली मिळाली, २००५!" "खोटं! करून दाखव." माझं पोर कुणाला तरी "खोटं" म्हणत होतं आणि मी ओट्याशी उभी राहून रडत होते.

आता तो बाहेरगावी शिकतो. तुम्हाला असे सवंगडी कुठे मिळाले?

दहिवर :
कुडाळ. आमच्या मुलाचा गणितातला दोस्त ६४ वर्षांचा. शेजारचे काका, एसटीत कंडक्टर होते. जन्मभर तिकिटं, सुट्टे पैसे आणि वेबिल, त्यामुळे तोंडी हिशोब विजेसारखा. ओसरीवर दोघांची शर्यत लागते. पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी (पाव, अर्धा, दीड, अडीचचे पाढे) काकांनीच पाठ करून घेतली. मुलाने त्यांना बदल्यात बीजगणित शिकवलं. समीकरण सुटलं की काका टाळी देतात. त्याच्या वयाचं कुणी मिळावं म्हणून मी अजून शोधतोय, पण ही जोडी मोडू नये.

पेरूची फोड :
अडीचकी! आजी म्हणायची आमची. २०१९ ला तर दुसरीच्या पुस्तकात तेवीसच्या जागी 'वीस तीन' आलं, केवढा गदारोळ झाला होता.

निळाशार :
मला ते आवडलं होतं. माझी मुलगी त्रेसष्ट आणि छत्तीस कायम उलटं लिहायची. साठ तीन म्हटल्यावर थांबलं.

पेरूची फोड :
असेल बाई, पण 'सत्त्याण्णव' म्हणायची मजा गेली ना. थांब, कुकर झाला.

चांदणगोंदण :
आमचा अनुभव वाईट आहे, तोही लिहिते. घरी एकटी पडते म्हणून लेकीला एका क्लासला घातलं. तिथे दर शनिवारी गुणांची यादी भिंतीवर. पोरं वह्या हाताने झाकून बसायची. तीन महिन्यांत ही गणिताच्या नावाने पोटात दुखतंय म्हणायला लागली. काढलं. दीड वर्ष गणित बंद. मग रांगोळीच्या ठिपक्यांतून हळूहळू परत आली. अजून तो भाग बोलताना माझा आवाज चढतो.

अबोली :
@चांदणगोंदण, घट्ट मिठी. काढलंत ते फार बरं केलंत.

सातासमुद्रा :
न्यू जर्सी. मुलगा घरी शिकतो. पुण्यातल्या दोन भावंडांशी दर शनिवारी व्हिडिओवर गणित, आमचे सकाळचे दहा म्हणजे तिकडे संध्याकाळचे साडेसात. नोव्हेंबरात आमची घड्याळं मागे गेली आणि दोघं भावंडं तासभर आधीच येऊन बसली! त्यावर तिघांनी मिळून कोडं रचलं. मराठीतही आपोआप बोलायला लागलाय, "वजाबाकी" म्हणतो.

निळाशार :
दहावीचं कसं करताय सगळे? सासूबाई रोज विचारतात. शिवाय कुणीतरी त्यांना मालविका जोशीची बातमी पाठवली, शाळा सोडून एमआयटीत गेलेली. तेव्हापासून लेकीकडे तशा नजरेने बघतात.

दहिवर :
एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालय, तिथून परीक्षा. दहावीला १४ वर्षं पूर्ण लागतात, त्यामुळे घाई नाही. आणि मालविकाकडे प्रोग्रॅमिंग ऑलिंपियाडची तीन पदकं होती हो, बारावी नसल्याने आयआयटीचं दार मात्र बंदच होतं. सासूबाईंना हेही सांगा.

अबोली :
पुण्याजवळ असाल तर भास्कराचार्य प्रतिष्ठानात चौकशी करा. श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ मध्ये सुरू केलेली संस्था, ऑलिंपियाडची तयारी करून घेतात. स्पर्धा द्यायची नसली तरी तशी मुलं कुठे असतात ते कळतं.

पेरूची फोड :
आले. चांदणगोंदण, तुमची लेक केवढी आहे? माझी दहाची. आम्ही कोल्हापूर. ठिपक्यांवर तासन् तास बसते.

चांदणगोंदण :
अकरा! आम्ही इचलकरंजी!! निरोप पाठवलाय, बघा.

निळाशार :
आत्ता लेकीबरोबर रिक्षात. पुढे टेम्पो, ४४५४. ५४४४ वजा ४४४५ केलं, ९९९ आले. आता तीनच आकडे. ती अडलीये, पटकन सांगा.

अबोली :
पुढे शून्य लावायला सांगा. ०९९९. मग ९९९० वजा ०९९९.

निळाशार :
आलं!! पाचवाली. आता म्हणते त्या नाशिकच्या ताईला कळवा.