'डार्क' अल्बमला मराठीत काय म्हणायचं? गडद, भकास, भेसूर की किर्र?

रंकाळ्याचा_वारा

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात राजारामपुरीत आमचा एक छोटा ग्रुप आहे, एकेक अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायचा, मधे कुणी मोबाईल बघायचा नाही, आणि मग प्रत्येकानं आपलं मत मराठीत लिहायचं असं ठरलंय. यावेळी रेडिओहेडचा 'किड ए' घेतला होता, २००० सालचा, इंग्लंडमधला ऑक्सफर्डकडचा बँड. मतं आली तर प्रत्येकाच्या लिखाणात पहिल्या दोन ओळींत 'डार्क' आहेच, आणि ज्यानं मराठीत लिहायचं मनावर घेतलं त्यानं 'गडद' लिहिलंय. "गडद आणि एक्लेक्टिक इंडी रॉक अल्बम." बास. पुढं काय?

मला गडद खटकतंय. गडद निळा, गडद हिरवा, गडद धुकं, फार तर आमच्याकडची जुनी माणसं 'गडद झोपलाय' म्हणतात तसं. पण गाणं गडद म्हणजे काय? सूर खाली आहेत म्हणून? शब्द निराशेचे आहेत म्हणून? आवाजावर मशीनचा थर चढवलाय म्हणून? का ऐकून आपल्याला कसंतरी होतंय म्हणून? इंग्रजीत या चारी गोष्टी एकट्या डार्कमध्ये ढकलता येतात आणि त्यामुळं मत द्यायचं राहूनच जातं असं माझं स्पष्ट म्हणणं आहे. या अल्बममध्ये या चारी गोष्टी वेगवेगळ्या गाण्यात वेगवेगळ्या प्रमाणात आहेत. तर कोणता शब्द कुठं बसतो ते सांगा. आणि एक्लेक्टिकला, म्हणजे अनेक तऱ्हा एकत्र असण्याला, पण शब्द सुचवा.

तालमीतला

भावा डार्कच ठेव की. बस, टेबल, स्टेशन आपण घेतलंच ना, डार्क पण घेतलं आता. लोक बोलताना 'लई डार्क हाय' असंच म्हणतात, गडद म्हणणारा एक माणूस दाखव मला कॉलेजात.

बाकी अल्बमबद्दल मत विचारलंस तर मला पहिलं गाणं आवडलं, नुसता कीबोर्ड आणि आवाजाचे तुकडे तुकडे, पण मधेमधे लई थंड वाटलं. गिटारवाला बँड आणि गिटारच शोधावी लागती म्हणजे काय.

शब्दवेडी_कागल

तालमीतला, डार्क चालतंय याबद्दल वाद नाही, शब्द आला की आला. पण रंकाळ्याचा वारा यांचा मुद्दा वेगळा आहे, त्यांना हद्दपार करायचं नाहीय, त्यांना फोडून बघायचंय. आणि तुम्हीसुद्धा नकळत तेच केलंत, 'थंड वाटलं' म्हणालात. ते मत झालं. डार्क हे नुसतं लेबल आहे.

मराठीत अंधाराचे आणि उदासीचे शब्द कशाला लावायचे याचे कंगोरे पक्के आहेत. उदास माणूस असतो किंवा मन. भकास जागा असते, माळ भकास, बंद पडलेली गिरणी भकास, चेहरा पण भकास म्हणतो पण तेव्हा त्या चेहऱ्यावरचं सगळं निघून गेलंय असं म्हणायचं असतं. भयाण म्हणजे भीती पाहिजे. सुन्न तर ऐकणाऱ्याचं होणं आहे, गाणं सुन्न नसतं, आपण सुन्न होतो. हे सगळं डार्कमध्ये एकत्र टाकलं की नक्की कुणाचं काय झालं तेच कळत नाही.

आता दोन शब्द मुद्दाम सुचवते, दोन्ही कानाचे आहेत.

एक, भेसूर. भेसूर रडणं, भेसूर आवाज. दिसण्याला पण लावतात पण मुळात ऐकताना अंगावर येणारं असतं ते. तिसरं गाणं आहे ना, 'द नॅशनल अँथम', त्यात बेसची एकच ओळ सुरुवातीपासून घुमत राहते आणि नंतर ट्रम्पेट ट्रॉम्बोन सॅक्सोफोन सगळे एकमेकांच्या अंगावर जातात. त्या वादकांना ट्रॅफिक जॅमसारखं वाजवा असं सांगितलं होतं. तो शेवट भेसूर आहे आणि हे मी कौतुकानं म्हणतेय, त्यांना भेसूरच पाहिजे होतं.

दुसरा, किर्र. किर्र रान, किर्र काळोख. हा शब्द मला फार मोठा वाटतो कारण त्यात अंधार ऐकू येतो. रातकिड्यांचा आवाज आहे मुळात, आणि आपण तो अंधाराला लावला. संगीतातल्या अंधाराला आणखी काय शब्द पाहिजे? अल्बमच्या नावाचंच जे गाणं आहे, दुसरं, त्यात माणसाचा आवाज मशीनमधून इतका मुरडलाय की शब्द कळत नाहीत, खाली बारीक खेळण्यासारखे सूर वाजत राहतात. ते गडद नाहीच. किर्र आहे.

तालमीतला

किर्र म्हटलं की आमच्याकडं पहिलं 'काटा किर्र' आठवतं ताई 😀 पण ते भारी या अर्थानं. हे मात्र पटलं, किर्र लई जबरदस्त शब्द हाय.

पेटीवाले_काका

मुलांनो, मी रॉक ऐकणारा माणूस नाही. नातीनं ही चर्चा दाखवली आणि गाणी पण ऐकवली, म्हणून लिहितोय. गाण्याची अक्कल थोडीफार आहे, पेटी वाजवण्यात आयुष्य गेलं.

पहिली गोष्ट, नुसते सूर खाली म्हणजे दुःख असं कुणी डोक्यात घेऊ नका. खर्जात भरलेला आवाज लागला तर तो गंभीर असतो, भारदस्त असतो, तिथं माणसाला आधार वाटतो. तुमच्या या अल्बममध्ये गाणारा तर बराचसा वरच्या पट्टीत, पातळ आवाजात गातो. तरी मन खाली बसतं. का बसतं? मला वाटतं स्वर जिथं येऊन थांबायला पाहिजे तिथं तो थांबत नाही. चौथं गाणं बघा, 'हाऊ टु डिसअपीअर कम्प्लीटली'. त्यात व्हायोलिनांचा ताफा आहे, आणि एक सरकणारा, माणसाच्या गळ्यासारखा आवाज आहे. नातीनं शोधून सांगितलं की ते वाद्य ओंड मार्टनो, १९२८ साली फ्रान्समध्ये मॉरिस मार्टनो नावाच्या चेलोवादकानं बनवलेलं, बोटात अंगठी घालून ती तारेवर सरकवायची. म्हणजे मींड! सरकत्या स्वराचंच वाद्य. आमच्या पेटीला जन्मभर जे जमलं नाही ते त्यात आहे. तो स्वर वर चढत जातो आणि आजूबाजूचे सूर त्याच्या पायाखालून निघून जातात असं मला झालं. याला मी 'व्याकुळ' म्हणीन. गडद नाही, भकास तर अजिबात नाही.

आणि शेवटच्या गाण्यात पायपेटी आहे हे कुणी सांगितलंच नाही! भाता ओढल्याचा श्वास ऐकू येतो. संगीत नाटकात साथीला ऑर्गन असायचा, कोल्हापूरच्या गोविंदराव टेंब्यांच्या चाली १९११ ला 'मानापमान'मध्ये त्याच काळच्या साथीवर गाजल्या. त्या गाण्याला डार्क म्हणणाऱ्यानं ते नीट ऐकलेलं नाही. ते करुण आहे.

आता तुमचा तो एक्लेक्टिक. त्याचा अर्थ जर अनेक तऱ्हा एकत्र असा असेल तर आमच्याकडं दोन वेगळे शब्द तयार आहेत. मिश्र आणि जोड. मिश्र पिलू, मिश्र काफी म्हणजे मूळ राग आहे आणि जाता जाता दुसऱ्याचे स्वर लावले. जोडराग म्हणजे बसंती केदार घ्या, काफी कानडा घ्या, दोन्ही राग आपापली ओळख राखून एकमेकांत गुंतलेले, आणि सांधा दिसू द्यायचा नाही ही गवयाची कसोटी. अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारी होते, त्यांच्या जयपूर अत्रौली घराण्याची तर ओळखच अनवट आणि जोडरागांची. या गावातल्या माणसानं एक्लेक्टिकला शब्द नाही म्हणू नये.

रंकाळ्याचा_वारा

काका, मनापासून आभार. पायपेटीचं आम्हाला कुणालाच ओळखता आलं नव्हतं, पेडल ऑर्गन एवढं वाचलं होतं फक्त.

मिश्र आणि जोड यावर विचार करतोय. मला वाटतं अल्बम म्हणून हा मिश्र नाही. रॉक हा मूळ राग आणि वर जरा इलेक्ट्रॉनिक असं असतं तर मिश्र म्हटलं असतं. इथं एक गाणं जॅझकडं, एक नुसतं तरंगतं, एक नाचायच्या तालाचं, आणि सांधा खरंच दिसत नाही कारण सगळ्यावर एकच हवा आहे.

बिंदूचौक_ते_गंगावेश

माझं मत उलटं आहे आणि ते स्पष्ट मांडतो. सांधा दिसतो. 'ट्रीफिंगर्स' येतं तिथं अल्बम बसतो, काहीच घडत नाही, गिटारचेच आवाज ताणून केलंय म्हणे पण त्याचं मी काय करू? माझ्या मित्रानं तर सरळ लिहिलं होतं की भेळ केलीय सगळ्याची. मी तेवढं म्हणणार नाही.

शब्दांबद्दल दोन गोष्टी. एक्लेक्टिकला कुणीतरी 'धेडगुजरी' लिहिलेलं मी वाचलंय, एका जुन्या परीक्षणात. तो शब्द कृपा करून वापरू नका. त्यात एका जातीचं नाव तुच्छतेनं आलंय आणि १९०२ ला ज्या संस्थानात शाहू महाराजांनी मागासांसाठी नोकरीतल्या पन्नास टक्के जागा राखीव ठेवल्या त्या गावात बसून तरी आपण तो लिहू नये. सरमिसळ लिहा, संमिश्र लिहा.

दुसरं, इंडी. हा अल्बम इंडी कसा? इंडी म्हणजे इंडिपेंडंट, मोठ्या कंपनीच्या बाहेर छोट्या लेबलनं काढलेलं. इंग्लंडमध्ये १९८० पासून त्यांची वेगळी क्रमवारी निघायला लागली, त्यात बघायचे ते हेच की माल कुणी काढला आणि कुणी पोचवला. सूर कसा आहे याच्याशी संबंधच नव्हता. रेडिओहेड १९९१ पासून ईएमआयकडं, म्हणजे भल्यामोठ्या कंपनीकडं, आणि 'किड ए' तिनंच काढला. खरे स्वतंत्र ते २००७ ला झाले, 'इन रेनबोज' स्वतःच इंटरनेटवर ठेवला आणि द्यायचे तेवढे पैसे द्या म्हणाले. बरं नुसतं 'इंडी' लिहिलं तर आपल्याकडं माणूस विजापूरकडच्या इंडीला जाऊन पोचतो, नाहीतर राजकारणातल्या आघाडीला.

शब्दवेडी_कागल

धेडगुजरीबद्दल शंभर टक्के सहमत, बरं झालं लिहिलंत.

इंडीबद्दल मात्र थोडं थांबा. शब्द जिथून निघाला तिथंच राहतो असं नसतं. आता इंडी म्हटलं की लोकांना एक ढंग कळतो, जरा कच्चं ध्वनिमुद्रण, बाजारासाठी न केलेलं वगैरे. त्या अर्थानं लिहिलं तर चूक म्हणता येणार नाही, पण 'किड ए'ला त्या अर्थानं सुद्धा लावू नका, कारण कच्चं काहीच नाही त्यात. 'प्रयोगशील' हा आपला साधा शब्द बसतो आणि नाटकवाल्यांनी तो इतका वापरलाय की सगळ्यांना कळतो.

आणि काकांच्या जोड शब्दाला माझी एक भर. एक्लेक्टिकच्या मुळाशी ग्रीकमधला निवडून काढणे, वेचणे हा अर्थ आहे. जुने तत्त्वज्ञ होते, एकाच पंथाला न चिकटता जिथं जे पटेल ते घेणारे, त्यांना ते म्हणायचे, मराठीत तत्त्वज्ञानात त्याला सारग्राही म्हणतात. म्हणजे मिसळणं नंतरचं, आधी वेचणं. भेळ आणि सरमिसळ या शब्दांत ते वेचणं दिसत नाही.

रंकाळ्याचा_वारा

ताई, वेचणं या अल्बमला नेमकं लागू पडतं. 'इडिओटेक'चं उदाहरण देतो, आठवं गाणं. बँडमधल्या जॉनी ग्रीनवूडनं इलेक्ट्रॉनिक आवाजांची पन्नासेक मिनिटं वाजवून ठेवली होती, त्यात पॉल लॅन्स्की यांच्या १९७३ च्या कॉम्प्युटरवर केलेल्या रचनेचा तुकडा होता, गायक थॉम यॉर्कनं त्या सगळ्यातून अगदी थोडा भाग उचलला आणि त्यावर गाणं उभं केलं. चारच सूरसमूह आहेत, फिरून फिरून येतात. शब्द सुद्धा त्यानं चिठ्ठ्या करून टोपीतून काढून जुळवले होते बऱ्याच ठिकाणी. आता यात शब्दांवरून दुःख शोधायला गेलो तर काही हाती लागत नाही, वाक्यं अर्धवट तुटलेली. पण ती तुटलेली आहेत यातच ते भकास होणं आहे असं मला वाटतं, कुणीतरी घाबरून बोलतंय आणि पूर्ण बोलू शकत नाही.

त्यामुळं मी माझं मत परत लिहिलं. आधी होतं, "गडद आणि एक्लेक्टिक इंडी रॉक अल्बम, ऐकायला जड." आता असं केलंय:

"प्रयोगशील रॉक, ठिकठिकाणाहून वेचून घेतलेला आणि सांधा न दाखवता जोडलेला. सुरुवात थंड, दुसरं गाणं किर्र, तिसऱ्याचा शेवट भेसूर, चौथ्यात जीव व्याकुळ होतो. 'इडिओटेक'मध्ये पाय नाचतात आणि शब्द घाबरवतात. शेवट करुण, पायपेटीवर."

तालमीतला

हे वाचून मला परत ऐकावं वाटलं राव. आधीचं वाचून नव्हतं वाटलं.

पण एक विचारतो, हे सगळे शब्द वाचून माणूस घाबरंल ना? किर्र, भेसूर, व्याकुळ. मला तर सातव्या गाण्यात, 'ऑप्टिमिस्टिक'मध्ये, मस्त वाटलं होतं. गिटार पण आहे. ड्रम तर ढोलासारखा छातीत बसतो.

शब्दवेडी_कागल

'ऑप्टिमिस्टिक' सहावं आहे, सातवं 'इन लिंबो' 🙂 पण मुद्दा बरोबर आहे. त्या गाण्यात जोर आहे, त्याला 'ठसठशीत' म्हणता येईल. डार्क अल्बममध्ये सगळंच डार्क असतं हे पण त्या लेबलमुळंच आपण धरून चालतो.

बिंदूचौक_ते_गंगावेश

मत छान झालंय, पण 'ट्रीफिंगर्स' गाळलंत. तिथं काय लिहिणार? मी 'रिकामं' लिहीन. आणि लोकांची मतं तेव्हा पण अशीच दुभंगलेली होती, २००० साली काही इंग्लिश समीक्षकांनी याला मुद्दाम अवघड केलेला म्हणून झोडपलं आणि २००९ ला रोलिंग स्टोन मासिकानं त्या दशकातला पहिल्या नंबरचा अल्बम ठरवला. त्यामुळं माझं न आवडणं मी सोडत नाही.

पेटीवाले_काका

रिकामं नव्हे बाळ. ते गाणं मी परत लावलं. तिथं ताल नाही, शब्द नाहीत, सूर लागतो आणि नुसता राहतो. मैफलीत गवई बसायच्या आधी दोन तंबोरे जुळतात आणि काही वेळ नुसते बोलतात, तेव्हा कुणी रिकामं म्हणत नाही. 'निवांत' लिहून बघा. मधोमध आलंय ते, त्याच्या आधीचं व्याकुळ आहे आणि पुढचं तुमच्या त्या पोराला आवडलेलं जोरकस. मधे निवांत पाहिजेच.

बिंदूचौक_ते_गंगावेश

काका, निवांत म्हणायला मन शांत झालं पाहिजे. माझं होत नाही तिथं, काहीतरी येणार असं वाटत राहतं आणि ते येत नाही. 'रिकामं' मागं घेतो, पण निवांतला माझी हरकत राहील. दुसरा कुणाला सुचला तर लिहा.