व्हीएचएसचं 'फुल एचडी' करून आणलं, पण अख्खं वऱ्हाड जाडं दिसतंय

नाशिककर_81: आईबाबांच्या लग्नाची (1994) कॅसेट एका दुकानातून डिजिटल करून आणली. फाइल 1920×1080. टीव्हीवर लावली तर सगळे आडवे फुगलेले. अक्षता टाकताना हात हलले की कडांना कंगव्यासारखे दाते दिसतात. दुकानदार म्हणतो कॅसेट जुनी आहे, जादा पैसे द्या, 4के करून देतो. करू का?

शूटिंगवाले_काका: अजिबात नको. त्या काळात मी सांगलीकडे लग्नंच शूट करायचो, त्यामुळे त्या कॅसेटमध्ये काय असतं ते पक्कं ठाऊक आहे. आपल्याकडे टीव्हीच्या चित्राची पाल पद्धत: 625 रेषा, त्यातल्या 576 चित्राच्या. व्हीएचएसवर आडवा तपशील जेमतेम 240 रेषांचा. तो 4के करून येणार कुठून?

कॅप्चर, म्हणजे कॅसेटवरून कॉम्प्युटरवर घेतलेलं चित्र, 720×576 पिक्सलचं होतं. भागून बघा, 1.25 येतं, चित्र मात्र 4:3, म्हणजे 1.33. कारण हे पिक्सल चौरस नाहीत, किंचित रुंद आहेत. चौरस पिक्सलमध्ये तेच चित्र साधारण 768×576 होतं. 1080 उंची हवी तर रुंदी 1440, आणि दोन्ही बाजूंना 240-240 ची काळी पट्टी. तुमच्या दुकानदाराला पट्टी खुपली असणार, त्याने ताणून 1920 भरलं. झाले आईबाबा 33 टक्के रुंद!

खात्री करायची तर कॉम्प्युटरवर व्हीएलसी प्लेयरमध्ये फाइल लावून 'ए' दाबत 4:3 वर या. चेहरे जागेवर येतील.

नाशिककर_81: आले की हो! आणि ते दाते? शिवाय फाइलच्या माहितीत 72 डीपीआय दिसतंय, 300 करून मागू?

एडिटर_ठाणे: डीपीआय म्हणजे इंचामागे ठिपके, ते छपाईसाठी. व्हिडिओत फक्त पिक्सल मोजायचे, तो आकडा विसरा.

शूटिंगवाले_काका: दाते इंटरलेसचे. सेकंदाला 50 फील्ड, प्रत्येकात एकाआड एक रेषा. दोन फील्डमध्ये हात पुढे सरकलेला असतो, एकत्र दाखवले की दाते. डीइंटरलेस करून, म्हणजे प्रत्येक फील्डची वेगळी पूर्ण फ्रेम बनवून, सेकंदाला 50 फ्रेमची फाइल काढली की हालचालही मऊ दिसते. पण ते आकार वाढवण्याआधी करावं लागतं. तुमच्या फाइलमध्ये 576 च्या 1080 करताना रेषा एकमेकींत कालवल्या गेल्यात, आता नीट सुटणार नाहीत.

तेव्हा दुकानदाराकडे मूळ 720×576 कॅप्चर मागा, इंटरलेस तसंच ठेवलेलं. डीव्ही या व्हिडिओ फॉरमॅटमध्ये असेल तर तासाला सुमारे 13 जीबी, पेनड्राइव्ह मोठा न्या. त्याने ते पुसलं असेल तर कॅसेट दुसरीकडे न्या. आणि लावण्याआधी टेपवर पांढरी बुरशी आहे का बघायला सांगा, नाहीतर व्हीसीआरचं हेडही जाईल आणि टेपही.