रशियन हार्प म्हणजे नुसती बॅलेची साथ?

तारसप्तक : बॅलेच्या धाग्यावर काल एकांनी ठोकून दिलं, "रशियन हार्पला परंपरा कसली? जर्मनांकडून उसनं घेतलेलं वाद्य, नाचामागे चार झंकार करायचे, संपलं." तिथे विषयांतर नको म्हणून इथे लिहितो.

रशियात हार्प शिकवणारा वादक झाबेल बर्लिनचा होता, कबूल. पण १८६२ला पीटर्सबर्गची कॉन्झर्व्हेटरी, म्हणजे संगीताचं महाविद्यालय, निघाली आणि तो तिथे शिकवायला लागला, त्याच्या कितीतरी आधी तिथल्या स्मोल्नी या मुलींच्या शाळेतल्या मुली हार्प वाजवत होत्या. चित्रकार लेवित्स्कीने १७७६मध्ये काढलेलं तिथल्या आल्यमोवा या विद्यार्थिनीचं चित्र बघा, हात तारांवर आहेत. झाबेलची शिष्या वाल्टर-क्यूने, तिची क्सेनिया एर्देली, एर्देलीची वेरा दुलोवा. दुलोवा १९३४ ते १९८५ मॉस्कोच्या बल्शोई थिएटरात वाजवत होती आणि मॉस्को कॉन्झर्व्हेटरीत शिकवतही होती. याला परंपरा म्हणायचं नाही तर कशाला?

निषाद : तो प्रतिसाद माझाच. शिष्यांची नावं ओळीने मांडली की परंपरा होत नाही. तुमची दुलोवाच बर्लिनला माक्स जालकडे शिकायला गेली होती. मॉस्कोत शिकवणारा स्लेपूश्किनही बर्लिनच्या पोसेचा शिष्य. सगळं तिकडचंच.

तारसप्तक : बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ग्वाल्हेरची गायकी इकडे आणली, म्हणून आपल्याकडचं ख्यालगायन उसनं ठरतं का? आणि "चार झंकार"? 'स्वान लेक' बॅलेच्या दुसऱ्या अंकात व्हायोलिनच्या आधी हार्प एकटी वाजते. सत्तेचाळीस तारा, सात पेडल, प्रत्येकाच्या तीन जागा. कोमल-तीव्र सगळं पायांनी सांभाळायचं. एक पेडल चुकलं तर अख्ख्या थिएटरला ऐकू जातं.

निषाद : अवघड आहे म्हणून थोर, हा युक्तिवाद मला पटत नाही. शेवटी ती साथच.

पेटीवाला : "शेवटी साथच" हे वाचून राहवेना. रशियन रचनाकार ग्लिएरचा १९३८चा हार्प कॉन्चेर्टो घ्या, म्हणजे हार्प मुख्य आणि वाद्यवृंद साथीला अशी रचना. एर्देलीबाईंनी इतक्या सूचना केल्या की ग्लिएर त्यांना सहरचनाकार म्हणून नाव द्यायला निघाला होता. छापताना काय आलं? संपादक! माझे वडील हयातभर नाट्यसंगीताला पेटीची साथ करत. पत्रिकेवर गायकाचं नाव ठळक, वडिलांचं नाव कधी "व इतर"मध्ये. मानधनाचं पाकीट सगळ्यात शेवटी.

निषाद : बाई स्वतः नको म्हणाल्या होत्या, हे का गाळलंत? त्यांनी नाकारलेलं श्रेय तुम्ही कोण मिळवून देणार? वडिलांचं वाईट वाटतं, पण त्याचा इथे संबंध नाही.

पेटीवाला : संबंध नाही कसा? "नको" म्हणायला शिकवलेलंच असतं. माझे वडीलही "राहू दे" म्हणायचे. घरी आले की जेवायचे नाहीत.

सावनी_एम : दोघेही एर्देलीबाईंना बिचारी करून टाकताय. तो कॉन्चेर्टो त्यांनाच अर्पण केलेला आहे आणि पहिल्यांदा वाजवलाही त्यांनीच. हार्पवर काय वाजतं आणि काय नुसतं कागदावर छान दिसतं, ते त्यांनी रचनाकाराला सांगितलं आणि त्याने ऐकलं. मी लेकीला हार्प शिकवायचं म्हणून शिक्षक शोधून दमले. शेवटी तिने पियानो धरला. शिकवणारी माणसं एकामागून एक उभी राहणं म्हणजे काय, ते त्यामुळे मला चांगलं कळतं.

पेटीवाला : ताई, ग्लिएरने निदान विचारलं तरी, एवढं मान्य करतो. आमच्याकडे विचारतही नाहीत.

तारसप्तक : साथीदारांसाठी वेगळा धागा काढा, मी येतो. निषादराव, उत्तर राहिलंय. रचनाकार ज्या वादकांना विचारून लिहितो, ते नुसते साथीला बसलेले असतात का?

निषाद : बरं, ग्लिएरपुरतं मागे घेतो. एर्देली-दुलोवांच्या पिढीपासून परंपरा आहे म्हणा. पण झाबेलला मी रशियन म्हणणार नाही आणि बाळकृष्णबुवांचा दाखलाही मला पटलेला नाही.

पेटीवाला : धागा काढलाय. पत्रिकांचे फोटो असतील तर आणा, नावं वाचता येतील असे.