आईबाबा आलेत, सोबत बग्गी (बाबागाडी): कॅनॉलच्या कडेने चालायला सोप्या जागा सुचवा (हॅरो-वॉटफर्डच्या आसपास)

आळशी_कासव
नमस्कार मंडळी. आम्ही हॅरोला राहतो, आईबाबा नाशिकहून तीन महिन्यांसाठी आलेत. राजवाडा, टॉवर ब्रिज, लंडन आय सगळं पहिल्या दहा दिवसांत उरकलं, आणि आता दोघं खिडकीत बसून समोरच्यांचे कचऱ्याचे डबे कधी उचलतात ते बघत बसतात :( रविवारी सगळ्यांना घेऊन कुठेतरी झाडापाण्यात चालायला जायचंय.

अडचणी सांगते. आईचे गुडघे, म्हणजे चढ नको, जिने नकोत, मध्ये बसायला बाक हवा आणि टॉयलेट कुठेय हे निघायच्या आधी माहीत हवं. धाकटी दोन वर्षांची, बग्गीत. मोठा सात वर्षांचा, त्याला "नुसतं चालायचंय" म्हटलं की त्याच्या पोटात दुखतं. बाबा पाटबंधारे खात्यातून रिटायर, अख्खी नोकरी कालव्यावर गेली, म्हणून नवऱ्याच्या डोक्यात कॅनॉलची आयडिया आली. मागच्या रविवारी असंच नेटवर बघून एके ठिकाणी गेलो तर आठवडाभराच्या पावसाने नुसता राडा, आणि पुढे ते एक माणूस जेमतेम जाईल असं झुलतं फाटक असतं ना, त्यातून बग्गी जाईचना, शेवटी नवऱ्याने अख्खी बग्गी उचलून फाटकावरून पलीकडे दिली, धाकटी आत गाढ झोपलेली. आई म्हणाली मला घरी न्या.

वॉटफर्डची_वहिनी
कासवताई, डोळे मिटून कॅशिओबरी पार्क. तुम्हाला तर मेट्रोपॉलिटन लाइनने थेट वॉटफर्ड, बदलाबदली नाही, तिथून पंधरा मिनिटं चाल. पार्कात कॅफे आणि टॉयलेट एकाच ठिकाणी, उन्हाळ्यात मुलांना डुंबायला उथळ हौद असतात (फुकट!), छोटी आगगाडी पण आहे. पण मुलाला हौद आधी दाखवू नका हां, नाहीतर कॅनॉल राहिला बाजूला. आधी पुढे जायचं, गेड नदी लागते, नदी कसली ओढाच, खडूच्या डोंगरातलं पाणी त्यामुळे तळातला खडा न् खडा दिसतो, आमचा लेक गमबूट घालून तासभर तिथेच. ती ओलांडली की ग्रँड युनियन कॅनॉल आणि आयर्न ब्रिज लॉक (लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दारं असलेला कॅनॉलचा तुकडा, त्यात पाणी भरून-सोडून बोट वर-खाली करतात). तिथे बसायचं आणि बोट यायची वाट बघायची, बास. बाजूला नेचर रिझर्व्हचा दलदलीचा पट्टा आहे, तिथे पूर्वी वॉटरक्रेसची वाफे-शेती होती. कॅनॉलपलीकडे व्हिपेंडेल वूड्स, मेच्या सुमाराला निळ्या फुलांनी भरतं, पण तिथे चढ आणि चिखल दोन्ही, सासूबाईंना... सॉरी आईंना नेऊ नका.

लॉकवेडा
वहिनींना +१. बाबा पाटबंधारेवाले म्हणजे लॉक दाखवायलाच हवं, ते तिथून हलणार नाहीत बघा. वरच्या बाजूची दोन दारं पूर्ण सरळ मिटत नाहीत, वरच्या पाण्याकडे टोक करून कोनात मिटतात, त्यामुळे पाणी जितकं रेटा देतं तितकी ती घट्ट बसतात. कडी नाही कुलूप नाही. आणि दोन्हीकडचं पाणी एका पातळीला आल्याशिवाय कुणाच्या बापाला दार हलत नाही. बोटवाल्यांना विचारलंत तर बहुतेक जण मुलांना दार उघडायचा तो लांब लाकडी दांडा ढकलायला मदतीला घेतात, सात वर्षांच्या पोराची पोटदुखी तिथल्या तिथे बरी. (दांड्याला पाठ लावून ढकलायचं, पाण्याच्या बाजूला उभं राहायचं नाही.)

ट्रेन किंवा गाडी असेल तर पुढच्या वेळी ट्रिंगकडे जा, मार्सवर्थला. लागोपाठ सात लॉक आहेत आणि शेजारीच तलाव. हा कॅनॉल १८०५ ला पूर्ण झाला तेव्हा त्याचं नाव ग्रँड जंक्शन, चिल्टर्न टेकड्यांवर तो माथ्याला पोचतो, आणि प्रत्येक बोट माथा ओलांडताना दोन्ही बाजूंना एकेक लॉकभर पाणी खाली सोडून जाते. ते भरून काढायला हे तलाव बांधले. आज तिथे पक्षी आहेत. लिटल रिंग्ड प्लोव्हरची ब्रिटनमधली पहिली वीण १९३८ साली याच तलावांवर झाली. तुमचे बाबा नाशिकचे ना, मग नांदूरमधमेश्वर सांगा त्यांना, तिथेही बांध घातला शेतीच्या पाण्यासाठी, गाळ साठला, पक्षी आले, आणि २०२० मध्ये ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर ठिकाण (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) झालं. सध्या जूनमध्ये तुरेवाल्या मोठ्या टिबुकल्या पिल्लांना पाठीवर घेऊन पोहतात, पोराला दुर्बीण द्या.

तिथून जवळच कॉलेज लेक, खडूच्या जुन्या खाणीत केलेलं रिझर्व्ह. कॅफे, टॉयलेट, पक्षी बघायच्या झोपड्या सगळं आहे, आणि कुत्री नेता येत नाहीत त्यामुळे कुत्र्याला घाबरणाऱ्या आज्यांसाठी बेस्ट.

निफाडकर_लंडनकर
एवढं लांब कशाला, किंग्ज क्रॉसला कॅमली स्ट्रीट नॅचरल पार्क आहे की. दोनच एकर, जुन्या कोळशाच्या डेपोच्या जागेवर, समोर रीजेंट्स कॅनॉल. जवळच ग्रॅनरी स्क्वेअरची कारंजी, मुलं भिजतात. नाहीतर लिटल व्हेनिस ते कॅमडेन चाला, वाटेत झूच्या मधून जातो कॅनॉल, फुकटात प्राणी.

वॉटफर्डची_वहिनी
निफाडकर दादा, रविवारी दुपारी कॅमडेनला बग्गी आणि गुडघे घेऊन? सायकली कशा सुटतात त्या अरुंद वाटेवर! शिवाय मध्ये बोगदा, त्यात वाटच नाही, वर रस्त्यावर यावं लागतं.

निफाडकर_लंडनकर
बरोबर आहे वहिनी, मी बॅचलर असताना गेलो होतो :) कॅमली स्ट्रीट मात्र कायम.

दोन_पोरांची_आई
थोडं माझंही. कॅनॉलला कठडा नसतो, आपल्याकडच्या पाटासारखाच उघडा. चालणाऱ्या पोराचा हात धरणारं माणूस पाण्याच्या बाजूला, पोर झाडीच्या बाजूला. लॉकपाशी धाकटीला बग्गीत पट्टा लावूनच, तिथे कॅनॉलसारखं उथळ नाही, खोल खड्डा आहे. झाडीत नेटल असते, हात लागला की खाजकुयलीसारखी आग, इथली मुलं डॉकचं पान चोळतात, उपयोग होतो की नाही देव जाणे, रडणं थांबतं. बदकांना ब्रेड नको, ओट्स किंवा फ्रोजन मटार न्या. आणि पिल्लं असताना हंसाच्या जवळ जाऊन फोटो काढायचा नाही, माझ्या सख्ख्या दिरामागे लागला होता.

आळशी_कासव
अपडेट! काल कॅशिओबरीला जाऊन आलो. वहिनी, तुमचं ऐकून हौद शेवटी दाखवला. लॉकपाशी पाऊण तास गेला. दोन बोटी आल्या, दुसऱ्या बोटीवरच्या आजींनी मुलाला आणि बाबांना दोघांनाही दांडा ढकलायला लावला, बाबांचा फोटो काढलाय, रिटायरमेंटच्या सत्कारातही इतके हसले नव्हते. पण त्याआधी काय झालं, बाबा कालव्याकडे बराच वेळ बघत उभे. मग म्हणाले, पाणी वाहत का नाही, उतार काढलेला नाही का. मी लॉकवेडा यांचं सगळं समजावलं, की दोन लॉकच्या मधलं पाणी सपाट ठेवतात, बोटीसाठी. ते म्हणाले, बरं, पण याच्यावर भिजतं किती क्षेत्र? म्हटलं एक गुंठाही नाही. यावर जो चेहरा झाला ना... "दोनशे वर्षं पाणी अडवलं आणि एक पाळी नाही दिली?" संध्याकाळपर्यंत तेच.

आई दोन बाकांवर बसली, डब्यातल्या दशम्या खाल्ल्या, गुडघ्यांबद्दल एकदाही बोलली नाही. आता बाबांना ट्रिंगचे तलाव बघायचेत, माथ्यावर पाणी कुठून आणलं ते. लॉकवेडा, मार्सवर्थला गाडी कुठे लावायची?

लॉकवेडा
स्टार्टॉप्स एंडला कारपार्क आहे, पैसे पडतात, तलावाला लागूनच. रविवारी अकराच्या आत पोचा. आणि बाबांना चालणार असेल तर मीही येतो.